फिटची गोळी आणि माला-एन

आशाताई माला-एनचं पाकीट घरपोच देतात, ही चांगलीच सोय. पण जिची फिटची (अपस्माराची) गोळी चालू आहे, तिला माला-एन पुरेशी पडेलच असं नाही, हे तिला सांगतं कोण? कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या औषधांनी लिव्हरचं काम वाढतं. मग गर्भनिरोधक गोळीतली हार्मोन्स शरीरातून लवकर निघून जातात आणि दिवस राहू शकतात. तातडीच्या गोळीचंही तेच. लॅमोट्रिजिनचं मात्र उलटं. माला-एनमुळे त्याचाच असर कमी होतो, फिट्स वाढू शकतात.

आता दोष कुणाला द्यायचा? मेंदूचे डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, माला-एन दारात, आणि आजार सासरी लपवलेला! हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ मध्ये निघाली. बायकांच्या मनातली भीती काही निघाली नाही.

तांबी किंवा २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन यांचा असर या औषधांनी कमी होत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पाकीट घेताना आशाताईंना बाजूला घेऊन फिटच्या गोळीची चिठ्ठी दाखवा, डॉक्टरांनाही विचारा. फिटची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.