पद गेले, सवलत राहिली

पूर्णेच्या काठी वसलेल्या जाफराबादला रेल्वे नाही. तालुक्यातील शेतमजूर, विद्यार्थी, आजारी माणसे या सर्वांचा जालन्याशी वा चिखलीशी असलेला संबंध मुख्यतः एस. टी.वर अवलंबून आहे. या गाडीत विधिमंडळ सदस्यांसाठी आसन राखून ठेवलेले असते. त्या आसनावर आमदारमहाशय विराजमान झालेले पाहण्याचे भाग्य फार थोड्या प्रवाशांना लाभले असेल. तथापि हक्क अबाधित आहे, आणि आमदारकी संपल्यानंतरही मोफत प्रवासाची सवलत चालूच राहते.

एका पासाने राज्याची तिजोरी रिकामी होत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु पासाच्या मागोमाग निवृत्तिवेतन येते. महाराष्ट्रात माजी आमदारांचे मासिक निवृत्तिवेतन 2016 साली 40 हजारांवरून 50 हजार रुपये करण्यात आले. शिवाय पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी 2 हजारांची भर. या वाढीवर सभागृहात सत्ताधारी व विरोधक यांच्यात जे ऐक्य दिसले, ते दुष्काळाच्या चर्चेत कधी दिसल्याचे स्मरत नाही.

आता जाफराबाद आगारातून निवृत्त होणाऱ्या चालक-वाहकाकडे पाहावे. त्याचे निवृत्तिवेतन 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेनुसार ठरते. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे व सत्तरने भागायचे, हे तिचे सूत्र. त्यासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा सप्टेंबर 2014 पासून 15 हजार. त्यापूर्वी ती 6,500 होती. म्हणजे पस्तीस वर्षांची सेवा सर्वस्वी नव्या मर्यादेने मोजली, तरी हाती येणार साडेसात हजार. जुन्या सेवेचा हिशेब जुन्याच मर्यादेने होत असल्याने प्रत्यक्षात तेवढेही पदरात पडत नाहीत. महागाई भत्ता नाही. किमान निवृत्तिवेतन 2014 साली ठरले ते एक हजार रुपये. तालुक्याची सीमा ओलांडली की लागणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर, या योजनेतील वृद्धांनी डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण आरंभिले आणि ते वर्षानुवर्षे चालविले. मागणी होती किमान साडेसात हजारांची व महागाई भत्त्याची. माजी आमदाराच्या निवृत्तिवेतनात दर पाच वर्षांनी जी भर पडते, तिच्याहूनही ही मागणी लहान आहे.

खासदारांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद 1976 सालची. महाराष्ट्राचा आमदारांसाठीचा कायदाही 1976 चाच. विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, लोकसभेची मुदत परस्पर वाढविली जात होती, आणि त्याच वर्षी लोकप्रतिनिधींच्या वार्धक्याची तजवीज झाली. मुदतवाढीच्या निषेधार्थ मधू लिमये यांनी तुरुंगातूनच लोकसभेचा राजीनामा दिला. दिल्लीतील सरकारी निवासस्थान ताबडतोब रिकामे करावे, असे त्यांनी पत्नीला कळविले. पुढे खासदाराचे निवृत्तिवेतनही आयुष्यभर घेतले नाही. समाजवादी व्यासपीठांवर हे उदाहरण वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःचे निवृत्तिवेतन नाकारले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अर्थात सर्वांना लिमये होण्याचा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल. भूमिहीन घरातून आलेला, एकदाच निवडून गेलेला व हात स्वच्छ ठेवून परतलेला माणूस म्हातारपणी उघड्यावर पडला, तर पुढील पिढीतील गरीब कार्यकर्ता निवडणुकीच्या वाटेला जाणारच नाही आणि विधिमंडळ सर्वस्वी धनिकांचे होईल. त्याला आधार हवाच. परंतु तो आधार साखर कारखाने, शिक्षणसंस्था व जमिनी बाळगणाऱ्यांनाही सारख्याच मापाने का मिळावा? प्रत्येक कार्यकाळागणिक तो का वाढावा? पंजाबने 2022 मध्ये माजी आमदारास एकच निवृत्तिवेतन हा नियम केला. उत्तर प्रदेशातील माजी मुख्यमंत्र्यांना सरकारी बंगले तहहयात देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2018 रोजी रद्द केली. पद सोडलेला मुख्यमंत्री सामान्य नागरिकाच्याच पातळीवर येतो, हा त्या निर्णयाचा आशय होता.

एस. टी.मध्ये ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरील प्रत्येकास प्रवास मोफत झाला. ही सवलत वयाला आहे, पदाला नाही. म्हणून तिचे स्वागत केले पाहिजे. याच्या उलट रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सूट मार्च 2020 मध्ये महामारीचे निमित्त करून थांबविली आणि महामारी ओसरल्यावरही ती परत दिली नाही. माजी खासदारांचा मोफत रेल्वेप्रवास तेवढा चालू राहिला.

पुढील निवडणुकीत जाफराबाद तालुक्यात मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो स्वपक्षाचा असला तरी, कार्यकर्त्यांनी भर सभेत दोन प्रश्न विचारावेत. कामगाराच्या किमान निवृत्तिवेतनात वाढ होईपर्यंत आमदारांच्या निवृत्तिवेतनातील वाढीस तो विरोध करील काय? आणि माजी आमदार झाल्यावर स्वतः किती निवृत्तिवेतन घेईल? उत्तरे लेखी घ्यावीत आणि ती आगाराच्या फाटकाजवळ लावावीत.