हवा नुसती आवाजाची!

सगळ्यात आधी एक कबुली. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझं लेखी मराठी वर्षातून एकदा, सोसायटीच्या गणपतीतल्या निबंध स्पर्धेपुरतं बाहेर निघायचं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही घोळ होतो, म्हणून या लेखात सगळे आकडे आकड्यांतच लिहिलेत. संपादक म्हणाले, "इंग्लिश सेक्शन फुल झालाय, मराठीत देतेस का?" म्हटलं, देते. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

राहायला मी कोपरची. हॉस्टेलवर कोणी "कोपर कुठे आलं?" असं विचारलं की मी सांगते, डोंबिवलीच्या एक स्टेशन अलीकडे आणि दिव्याच्या एक स्टेशन पलीकडे. फास्ट लोकल आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अशा आमच्या कोपरमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या मावसभावाने सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आणली. चाकणच्या कारखान्यात बनलेली, 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस. हे मॉडेल 2013 मध्ये आलं आणि पोलोचं भारतातलं उत्पादनच 2022 मध्ये बंद झालं. म्हणजे आता जी आहे ती जपायची, अशातली गाडी. कागदोपत्री ती साधी हॅचबॅक. पण दादाने नोकरीला लागल्यापासून एकेक पैसा साठवून घेतली होती. आमच्या घरात ती स्पोर्ट्स कारच!

आता स्पोर्ट्स कार म्हटली की "मॉडिफिकेशन" आलंच. आणि मॉडिफिकेशनची सुरुवात कुठून होते? एअर इनटेकपासून. कारण ते सगळ्यात सोपं. बॉनेट उघडा, कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा एअरबॉक्स काढा, त्या जागी उघडा कोन फिल्टर बसवा. तासाभराचं काम. गॅरेजवाला दादाला म्हणाला, "साहेब, दहा घोडे तर कुठे गेले नाहीत." मी बाजूलाच उभी होते, मेकॅनिकलची विद्यार्थिनी! पण तो माझ्याकडे बघून बोलतच नव्हता. असो. काढलेला एअरबॉक्स तो भंगारात टाकणार होता. मावशीने तो घरी आणायला लावला आणि माळ्यावर टाकला. आपल्याकडे माळा असतोच त्यासाठी.

गाडी सुरू केली आणि काय सांगू! ॲक्सिलरेटर दिला की फूऽऽस आवाज आणि पाय उचलला की टर्बोची शिट्टी. दादा खूष. बिल्डिंगमधली पोरं खूष. "गाडी हलकी वाटतेय ना?" असं दादाने विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या डोक्यात मात्र एक किडा शिरला. वाटतेय म्हणजे काय? किती?

आपल्या आय. सी. इंजिन लॅबमध्ये एक टेस्ट रिग आहे. तिच्या बाजूला एक चौकोनी टाकी, टाकीला एक छोटं भोक आणि एक यू आकाराची काचेची नळी. इंजिन किती हवा ओढतंय ते त्या नळीतल्या पाण्याच्या फरकावरून काढायचं असतं. आता खरं सांगा, ते रीडिंग किती जणांनी स्वतः घेतलंय आणि किती जणांनी सीनियरच्या जर्नलमधून उतरवलंय? मी उतरवलं होतं. (सर, माफ करा.) पण त्या दिवशी ट्यूब पेटली, की दादाच्या गाडीत नेमकं तेच मोजायचंय!

मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. तिच्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक फिल्टरच्या पुढच्या पाइपला जोडलं, दुसरं हवेत मोकळं, आणि यू मांडीवरच्या पाटावर चिकटवला. रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, काटई-बदलापूर रस्त्यावर गेलो. दादा गाडी चालवतोय आणि मी बाजूला पट्टी धरून बसलेय. कोन फिल्टरला फरक आला 5 सेंटिमीटर. पुढच्या रविवारी माळ्यावरचा एअरबॉक्स परत बसवून मोजला, तर 14 सेंटिमीटर.

9 सेंटिमीटरचा फायदा! ऐकायला भारी वाटतं. पण वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत साधारण 1033 सेंटिमीटर. म्हणजे फायदा किती? जेमतेम 1 टक्का.

मग तापमान बघितलं. छोट्या थर्मामीटरची वायर फिल्टरजवळ अडकवली आणि संध्याकाळी घरडा सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडलो. कोन फिल्टरपाशी 62 अंश! कारण तो इंजिनच्या शेजारी उघडा बसलाय, रेडिएटरची सगळी गरम हवा त्याच्या अंगावर. तशाच ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या एअरबॉक्सच्या तोंडाशी 40. हवा गरम झाली की विरळ होते, हे आपण अकरावीत शिकलो. केल्विनमध्ये भागाकार करा, 313 भागिले 335. हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ. म्हणजे एका हाताने 1 टक्का घेतला आणि दुसऱ्या हाताने सहा-साडेसहा दिले! गाडी वेगात असली की हा फरक कमी होतो, आणि टर्बो थोडा जास्त दाब देऊन काही भरपाई करतो, हेही खरं. पण आमची गाडी वेगात असते कधी? कोपर पूल 2019 पासून दोन वर्षं बंद होता तेव्हा डोंबिवलीकरांनी ठाकुर्लीच्या पुलावर जे भोगलं, त्यानंतर तर कोणी वेगाचं नाव काढू नये.

इथपर्यंत मी हिरो होते. आता पुढचा भाग.

मी दादाला वहीत गणित करून दाखवलं आणि म्हटलं, "कोन ठेव, पण त्याला थंड हवा दे." बाहेर याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. लांब पाइप टाकून फिल्टर इंजिनपासून दूर, खाली, बंपरच्या मागे न्यायचा. तिथे बाहेरची थंड हवा मिळते. गॅरेजवाल्याने तसं केलं. मी परत थर्मामीटर लावला. 37 अंश! मी इतकी खूष झाले की हॉस्टेलवर येऊन रूममेटला अर्धी रात्र घनतेचं लेक्चर दिलं.

फिल्टर जमिनीपासून किती उंच आहे, ते मात्र मी मोजलं नाही. जेमतेम एक फूट होता.

जुलै आला. पाऊस कसा पडतो ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. ऑफिसमधून येताना स्टेशनजवळच्या रस्त्यावर गुडघ्याला थोडं कमी पाणी होतं. बाकीच्या गाड्या हळूहळू निघत होत्या, म्हणून दादानेही घातली. समोरून एक टेम्पो आला, त्याची लाट बंपरवर आपटली आणि गाडी बंद पडली. दादाने दोनदा स्टार्टर मारला. दुसऱ्यांदा खट् असा आवाज झाला आणि संपलं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. 1197 सीसीचे चार भाग केले तर एका सिलिंडरला 299 सीसी. कॉम्प्रेशन रेशो 10 धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त 33 सीसी. म्हणजे अर्धी कटिंग! तेवढं पाणी आत गेलं तरी पिस्टनला वर जायला जागा नाही. मग वाकतो कनेक्टिंग रॉड. दादाचे दोन वाकले. आमच्या ओळखीच्या मेकॅनिक काकांनी प्लग काढले तर आतून पाणी आलं. ते म्हणाले, "26 जुलैला अशाच गाड्या आल्या होत्या. ज्यांनी बंद गाडी तशीच ढकलत आणली त्यांची वाचली. ज्यांनी चावी फिरवली त्यांची गेली." 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण काकांना एकेक गाडी आठवते.

इन्शुरन्सवाल्यांनी बदल कळवला नव्हता यावर बोट ठेवलं. खर्च दादाच्या तीन पगारांच्या वर गेला. आणि सगळ्यात वाईट काय, माहितेय? घरात सगळे गॅरेजवाल्याला शिव्या देत होते आणि दादा एकदाही म्हणाला नाही की पाइप खाली न्यायचं डोकं हिचं होतं. ते मीच मावशीला सांगितलं, दोन आठवड्यांनी. मावशी म्हणाली, "तू तर इंजिनिअर होणार आहेस ना गं?" तिने सहज विचारलं होतं. मला मात्र ते जे लागलं, ते अजून गेलं नाही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं नाही की मॉडिफिकेशन पाप आहे. माझं म्हणणं एवढंच, की कंपनीचा भाग काढण्याआधी तो तिथे कशाकशासाठी आहे याची यादी करा. तो कुरूप काळा डबा बघा. त्याचं तोंड वर, बॉनेटच्या पुढच्या कडेशी असतं, सव्वादोन फुटांवर. का? पाणी. ते इंजिनपासून आडोशाला असतं. का? उष्णता. आतला कागदाचा फिल्टर बारीक असतो. का? आमच्याकडची धूळ. खोदलेले रस्ते, बांधकामं, वाळूचे ट्रक. ती धूळ आत गेली तर रिंगा आणि सिलिंडर घासले जातात. पाइपला चिकटलेला रिकामा डबा, जो गॅरेजवाले "फालतू" म्हणून आधी काढतात, तो रेझोनेटर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो सूर येतो, तेच तत्त्व उलटं वापरून तो इनटेकचा आवाज मारतो. नवं मॉडेल विकण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याच्या धुराची आणि आवाजाचीही चाचणी होते. म्हणजे एक डबा पाच प्रश्नांची उत्तरं देत होता. गॅरेजवाल्याने फक्त आवाजाचा विचार केला. मी फक्त तापमानाचा. मग आमच्या दोघांत फरक तो काय? माझ्याकडे कॅल्क्युलेटर होता, एवढाच!

कायद्याचंही जाता जाता सांगते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. तेव्हा "सगळेच करतात" हे उत्तर पोलिसांपुढे आणि इन्शुरन्सपुढे चालत नाही.

"मग इंजिनिअरने करायचं तरी काय?" असं आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीमच्या पोरांनी मला मेसमध्ये विचारलं. अरे, तुम्ही करताय तेच! तुमच्या गाडीला नियमानेच 20 मिलिमीटरच्या एका भोकातून सगळी हवा घ्यावी लागते. त्यातून आदर्श परिस्थितीतही सेकंदाला साधारण 74 ग्रॅमपेक्षा जास्त हवा जाऊच शकत नाही, कितीही मोठा फिल्टर लावा. म्हणून तुम्ही प्लेनमचा आकार, रनरची लांबी यांवर रात्री जागवता. तिथे प्रश्न ठरलेला आहे, मर्यादा ठरलेली आहे, आणि चुकलं तर ट्रॅकवर कळतं. ते इंजिनिअरिंग. बाजारातून चकचकीत पाइप आणून लावणं ही खरेदी. आणि फक्त आवाज हवा असेल तर तेही ठीक, पण सरळ सांगा की कानांसाठी पैसे घातले. घोड्यांची नावं कशाला घ्यायची?

सरांना एक विनंती. आपल्या लॅबमध्ये कट-सेक्शन इंजिन आहे, पण त्याला एअरबॉक्सच नाही! भंगारातून एखादा आणूया. एक कोन फिल्टर आणूया. यू ट्यूब आपल्याकडे आहेच. दाब, तापमान आणि तोंडाची उंची, तिन्ही एकाच तक्त्यात लिहायला लावा. उंचीचा कॉलम विसरू नका. आणि हे रीडिंग जर्नलमधून उतरवता येणार नाही अशी काहीतरी सोय करा. मीच सांगतेय म्हणजे बघा.

दादाची गाडी सध्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आहे. दादा परत स्लो लोकलने ऑफिसला जातो. इंजिन बांधायला काकांनी घेतलंय, दिवाळीपर्यंत होईल म्हणतात. एअरबॉक्स माळ्यावर शाबूत आहे. त्यात घालायला नवा कागदाचा फिल्टर मी माझ्या पॉकेटमनीतून घेऊन ठेवलाय. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की बसवणार आहे. दादा म्हणाला, "ये, पण या वेळी पट्टी पण आण."

— एक कोपरकर, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी