पहिल्या मोटारींची कुळकथा

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले, म्हणजे सोने लुटण्यापूर्वी गर्दीतील सर्वांच्या माना एकदा तरी एका मोटारीकडे वळतात. छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी जिच्यातून सीमोल्लंघनास येतात, ती ही जुनी मेबॅक मोटार. झेपेलिन नामक प्रचंड वायुनौकांची इंजिने ज्या जर्मन कारखान्याने घडविली, त्याचेच हे अपत्य. गतवर्षी आमचा नातू बरोबर होता. त्याने विचारले, "आजोबा, एखादी नावाजलेली मोटार असते, तिच्यातली अगदी पहिली गाडी पुढे कोठे जाते हो?" त्या वेळी मी "घरी गेल्यावर सांगेन" म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकाची ही जुनी युक्ती पोरांना चांगलीच ठाऊक असते. तेव्हा उत्तर शोधणे भाग पडले. त्या शोधात जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवितो.

भर्तृहरीने धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत. वेगाच्या हौसेसाठी निर्माण झालेल्या ज्या मोटारींस स्पोर्ट्‌स मोटार म्हणतात, त्यांच्या आद्य प्रतींच्याही तीनच गती झालेल्या मला आढळल्या: नाश, रक्षण आणि विस्मृती.

नाश बहुधा निर्मात्याच्याच हातून होतो. अमेरिकेत शेव्हरोलेट कंपनीची पहिली कॉर्व्हेट मोटार ३० जून १९५३ रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे तयार झाली. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. सर्व बाहेरून पांढऱ्या, आतून तांबड्या, आणि अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे. त्यांतील पहिल्या दोन कंपनीने कसोटीसाठी राबविल्या आणि त्यांतच त्या नष्ट झाल्या, असे मानितात. म्हणून आज हयात असलेल्या कॉर्व्हेटींत वडीलकीचा मान तिसरीस मिळतो. ह्यात कंपनीस दोष देण्याचे कारण नाही. आपण तरी पक्का लेख झाल्यावर कच्चा खर्डा कोठे जपून ठेवितो? जे उद्या पूज्य होणार, ते आज केवळ कामाचे असते.

रक्षणाचे उदाहरण कोब्रा मोटारीचे. टेक्सासमधील शर्यतपटू कॅरोल शेल्बी ह्याने १९६२ मध्ये इंग्लंडातील ए. सी. कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे दांडगे इंजिन बसवून ती निर्माण केली. आरंभी गाडी एकच होती. नियतकालिकांचे परीक्षक एकामागून एक येऊ लागले, तेव्हा दर खेपेस तिला निराळा रंग देण्यात आला. उद्देश हा की, वाचकांस गाड्या पुष्कळ तयार होत आहेत असे वाटावे! बहुरूप्याचे हे सोंग चांगलेच वठले. ती गाडी मात्र शेल्बीने अखेरपर्यंत आपल्याजवळ राखली. तो २०१२ मध्ये वारला, आणि २०१६ च्या लिलावात तिला १ कोटी ३७ लक्ष ५० हजार डॉलर आले.

तिसरी गती विस्मृतीची, आणि सर्वांत विलक्षण कथा तिचीच. जर्मनीतील पोर्शे कंपनीने १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एक नवी मोटार मांडली. तिचे नाव ९०१. पुढील वर्षी ती विक्रीसाठी तयार होऊ लागली, तोच फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हरकत घेतली की, मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव फ्रान्सात आमच्याच गाड्यांस शोभते. तो आमचा हक्क आहे. पोर्शेने वाद न घालता शून्याच्या जागी एक घातला. अशा रीतीने जगप्रसिद्ध ९११ हे नाव जन्मास आले. तत्पूर्वी ९०१ ह्या नावाखाली ८२ गाड्या तयार झाल्या होत्या.

ह्या ८२ पैकी एकही कंपनीच्या स्वतःच्या संग्रहालयात नव्हती. २०१४ मध्ये जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात अडगळीच्या वस्तू धुंडाळणाऱ्या एका दूरदर्शन कार्यक्रमाच्या मंडळींस एका जुन्या कोठारात दोन पोर्शे मोटारी दिसल्या. त्यांनी संग्रहालयास कळविले. दोहोंतली एक केवळ सांगाडा म्हणावी अशी. गंजाने खाल्लेली, पुढच्या चाकांवरील पत्रे नाहीसे झालेली. परंतु तिचा अनुक्रमांक दप्तराशी ताडून पाहिला, तो निघाला ३०० ०५७. म्हणजे ही नाव बदलण्यापूर्वीची ९०१, तीही १९६४ सालची! संग्रहालयाने तज्ज्ञाकडून मोल ठरवून ती विकत घेतली आणि तीन वर्षे खपून तिचा जीर्णोद्धार केला. जे पत्रे नव्हते, ते त्याच काळच्या दुसऱ्या गाड्यांचे मिळवून बसविले. मूळचा जो जो तुकडा राखता येईल, तो राखला. डिसेंबर २०१७ मध्ये ती तांबडी गाडी लोकांस दाखविण्यात आली.

आता विचार करा. त्या सांगाड्यास कोणी वाचविले? पत्रा गंजला होता, रंग उडाला होता, धन्यासही तिची थोरवी कळली नसावी. तिला वाचविले ते पत्र्यावर कोरलेल्या सहा आकड्यांनी आणि त्या आकड्यांस ओळखणाऱ्या एका वहीने. ही जोडी नसती तर ती भंगारच होती.

हे वाचीत असता माझे मन एका जुन्या अपराधाकडे गेले. आमच्या घरी एक हस्तलिखित पोथी होती. घराची डागडुजी निघाली तेव्हा तिची कडा झडलेली शेवटची पाने मी निर्माल्याबरोबर पंचगंगेत सोडली. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि शक लिहितो. त्यास पुष्पिका म्हणतात, हे मी वर्गात मुलांस शिकवीत होतो! पोथीतील ग्रंथ छापील स्वरूपात कोठेही मिळतो. मी बुडविले ते एवढेच, की ती आमच्या कोणत्या पूर्वजाने, कोणत्या साली लिहिली. म्हणजे जे केवळ आमचे होते, तेच गेले.

मोटारीचा अनुक्रमांक ही तिची पुष्पिकाच होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली व १९६६ मध्ये पुरी केली. तीसाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली. एकेका प्रतीचे कूळ लावीत मूळ पाठाकडे जाण्याची जी रीत तेथे, तीच ह्या मोटारशोधकांची. फरक इतकाच की, तेथे अक्षरे ताडितात आणि येथे लोखंड.

आपल्या जिल्ह्यातही अशी एक आद्य मोटार होऊन गेली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांनी सामान्य कुटुंबास परवडेल अशी चिमुकली मोटार करण्याचा ध्यास घेतला आणि १९४९ मध्ये आपली पहिली दोन आसनी गाडी सिद्ध केली. नाव ठेविले मीरा. किंमत बारा हजार रुपयांच्या आसपास राहावी, हा त्यांचा हिशेब. पुढे कित्येक वर्षे ते तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढीत राहिले, परंतु मीरा बाजारात विक्रीस कधीच आली नाही. पहिली मारुती रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात. म्हणजे त्यापूर्वी चौतीस वर्षे हे स्वप्न आपल्या इचलकरंजीत चार चाकांवर उभे होते. मीरा वेगाची नव्हे, संसाराची गाडी. तथापि कूळ लावण्यास तिचा अधिकार कोब्राहून कमी का मानावा?

जर्मनांस एक वही पुरली. आपल्याकडील वह्या घरोघरच्या पेट्यांत आहेत. इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूर येथील वाचकांच्या घरी त्या काळचे एखादे छायाचित्र, एखादे पत्र, कारखान्यात काम केलेल्या वडिलांची टिपणवही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी मागील बाजूस कोण, कोठे, केव्हा एवढे तीन शब्द लिहून ठेवावे. अन्य काही नको.

नातवास हे सारे सांगितले. त्याने थोडा विचार करून आपल्या दोनचाकी सायकलीचा क्रमांक शोधला आणि वहीत उतरवून घेतला. मी खाली तारीख घालावयास लावली.