यॉर्कच्या खाटकाची पत्नी

ट्यूडर घराण्याने इंग्लंडवर १४८५ पासून १६०३ पर्यंत राज्य केले. त्या काळात प्रजेचा धर्म राजाच्या मर्जीप्रमाणे पालटत गेला. आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपची सत्ता झुगारली. त्याची कन्या मेरी हिने जुना धर्म परत आणिला, पण सुमारे तीनशे प्रॉटेस्टंटांना जाळविले. ही गोष्ट आपण कॅथॉलिकांनी झाकून ठेवू नये. १५५८ साली गादीवर आलेल्या एलिझाबेथने पुन्हा उलट वाट धरिली.

राजेराण्यांच्या कथा पुष्कळ ऐकल्या. आज एका गृहिणीची ऐकू या.

यॉर्क नगरात शॅम्बल्स नावाची गल्ली आहे; त्या काळी ती खाटकांची गल्ली होती. तेथील जॉन क्लिदरो या विधुर खाटकाशी मार्गारेटचा १५७१ मध्ये विवाह झाला. पुढे दोन-तीन वर्षांत ती कॅथॉलिक झाली. पती राजमान्य पंथातच राहिला. मात्र पत्नी त्या देवळात जात नाही म्हणून होणारा दंड बिचारा निमूटपणे भरीत असे. मार्गारेटला अनेकदा तुरुंगवास घडला. वाचावयास ती तुरुंगातच शिकली!

१५८५ च्या कायद्याने धर्मगुरूंना आसरा देणे हा देहान्ताचा गुन्हा ठरला. मार्गारेटच्या घरी तर धर्मगुरू लपत, मिस्सा होई. मार्च १५८६ मध्ये झडती झाली आणि धाक दाखविताच घरातल्या एका परदेशी मुलाने गुप्त खोली दाखविली.

न्यायालयात तिला विचारण्यात आले, 'गुन्हा कबूल की नाकबूल?' तिने दोन्हींपैकी काहीच म्हटले नाही. का? उत्तर दिले असते तर खटला चालला असता आणि तिची मुले व नोकर यांना तिच्याविरुद्ध साक्षीस उभे केले असते. आपल्या जबानीने आई मेली, हे ओझे लेकरांनी जन्मभर का वाहावे? उत्तर न देणाऱ्यास मात्र कायद्यात एकच शिक्षा होती : वजनाखाली चिरडून मारणे. हे तिला पक्के ठाऊक होते. पुष्कळांनी विनविले, ती गरोदर आहे असेही लोक म्हणत. त्या वर्षी नगराचा महापौर तिचा सावत्र पिताच होता!

२५ मार्च १५८६ रोजी तिला भुईवर निजवून, अंगावर दार ठेवून, त्यावर सुमारे साडेतीनशे किलोंचे वजन रचण्यात आले. शिपायांचे हात धजेनात, म्हणून त्यांनी भिकाऱ्यांना पैसे देऊन हे काम करविले. पाव तासात सारे संपले.

१९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला संतपद दिले.

मरणापूर्वी तिने आपली टोपी पतीला पाठविली आणि जोडे व मोजे मुलगी अ‍ॅन हिला. अ‍ॅन पुढे समुद्रापार लूव्हेन येथे मठवासिनी झाली.