नक्कल चालेल, पण नाव आपले हवे

महाळुंग्याच्या बाजारात अलीकडे मनगटी घड्याळांचा खप वाढलेला दिसतो. चाकण औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारा तरुण वर्ग येथे मोठ्या संख्येने राहतो. खिशात मोबाईल असल्यामुळे वेळ पाहण्यासाठी त्याला घड्याळाची गरज उरलेली नाही. तरीही त्याला घड्याळ हवे असते, आणि तेही पाणबुडे वापरतात तसे, म्हणजे जाड पोलादी, काळ्या तबकडीचे आणि काचेभोवती फिरते कडे असलेले. बाजारात याला डायव्हर घड्याळ म्हणतात. आमचा धंदा कापडाचा आहे. परंतु असल आणि नक्कल यांचा झगडा कापडवाल्याने जितका पाहिला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी पाहिला असेल. म्हणून या मालाविषयी आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे चार गोष्टी मांडण्याचे आम्ही योजले आहे.

या घड्याळांचे तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे असल माल. रोलेक्स कंपनीच्या सबमरीनर घड्याळाची किंमत आज आठ लाखांच्या वर आहे. दुसरा प्रकार म्हणजे डुप्लिकेट, ज्याला गिऱ्हाईक ‘फर्स्ट कॉपी’ म्हणते. त्यावर रोलेक्सचे नाव व मुकुट छापलेला असतो आणि माल मात्र भलत्याचाच असतो. तिसऱ्या प्रकाराला शौकीन लोक ‘होमेज’ म्हणतात. घाट नामवंत घड्याळाचा, पण तबकडीवर नाव बनवणाऱ्याचे स्वतःचे. इन्व्हिक्टा, स्टाइनहार्ट, पगानी डिझाईन, सॅन मार्टिन ही अशी नावे आहेत. दुसरा आणि तिसरा प्रकार दुरून सारखाच दिसतो. त्यामुळे पुष्कळ दुकानदार दोन्ही एकाच पेटीत ठेवतात आणि एकाच तोंडाने विकतात. हे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या घाटाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लाँपां कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांसाठी ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ काढले. रोलेक्सचे सबमरीनर त्याच सुमाराचे असून १९५४ साली ते बाझलच्या प्रदर्शनात लोकांपुढे आले. काचेभोवतीचे कडे शोभेसाठी नव्हते. पाण्यात उतरताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली, की किती मिनिटे गेली ते लगेच कळते. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले, म्हणजे धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसेल, कमी दिसणार नाही, आणि हवेच्या नळकांड्याचा हिशेब चुकणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की १९५४ सालीच रोलेक्सच्या ट्यूडर या भावंड कंपनीने त्याच घाटाचे स्वस्त घड्याळ बाजारात आणले. त्यात यंत्र बाहेरून विकत घेतलेले होते आणि नाव ट्यूडरचे होते. स्वस्त जोडीदाराची ही वाट असलवाल्यांनी स्वतःच दाखविली, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून जुना दाखला आहे. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू घ्या. सोन्याचांदीच्या जरीचा किनखाब ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र करून त्याच धर्तीचे कापड विणले. हिमरू हा शब्दच ‘सारखा’ अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आला, असे सांगतात. म्हणजे ‘हा किनखाब नाही, किनखाबासारखा आहे’ ही कबुली मालाच्या नावातच होती. त्यामुळे विणकराला कोणी लबाड म्हटले नाही, उलट हिमरूला स्वतःची इज्जत मिळाली. याच्या उलट पैठणीचे पाहा. यंत्रमागावरची साडी ‘सेमी पैठणी’ म्हणून विकली तर तो सरळ व्यापार झाला. तीच साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारली तर येवल्याच्या आणि पैठणच्या विणकराच्या ताटातली भाकरी पळवली. कापड तेच असते, पण दुकानदाराच्या तोंडातून निघालेल्या शब्दाने सौदा बदलतो.

आता दर्जाचा प्रश्न. स्वस्त म्हणजे रद्दी, असा समज येथे लागू पडत नाही. आठ-दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंतच्या पुष्कळ होमेज घड्याळांत जपानच्या सेइको समूहाचे ‘एनएच ३५’ हे ऑटोमॅटिक यंत्र बसवलेले असते. त्यात २४ माणके असतात, ते तासाला २१,६०० ठोके देते आणि पूर्ण चावी बसल्यावर सुमारे ४१ तास चालते. कंपनीच्या कागदावर दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट दिलेली आहे. यंत्र साधे व दणकट असून त्याचे सुटे भाग मिळतात. काही कंपन्या सिटिझन समूहाचे मियोटा यंत्र घालतात. महाळुंग्यातील कामगाराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मोटारीचा कारखानाही प्रत्येक नट स्वतः बनवीत नाही, बाहेरून तयार भाग घेऊन गाडी उभी करतो आणि तिच्यावर स्वतःचे नाव लावून जबाबदारी घेतो.

हा कामगार सीएनसी यंत्रावर मायक्रॉनच्या हिशेबाने काम करतो. घड्याळ हातात आल्यावर त्याची बोटे आपोआप तपासणी करतात. कड्याची खूण बाराच्या आकड्यासमोर बरोबर बसते का? कडे हलते, खुळखुळते का? आट्यांची चावी गुळगुळीत बसते का? कडांना बोटाला लागणारी धार राहिली आहे का? काच साधी आहे की सफायरची? शौकीन लोक या घड्याळांवर खूष असतात याचे अर्धे कारण येथेच आहे. एवढ्या पैशांत इतके नेटके काम पाहिले की पैसे वाया गेले नाहीत असे वाटते. उरलेले अर्धे कारण त्या घाटातच आहे. सत्तर वर्षे झाली तरी तो जुना झालेला नाही, आणि आठ लाखांच्या वस्तूची काळजी न करता तो मनगटावर घालून कामावर जाता येते.

एक सावधगिरी मात्र विक्रेत्याने सांगितलीच पाहिजे. तबकडीवर ‘२०० मीटर’ लिहिले म्हणून प्रत्येक घड्याळ पाणबुड्याचे ठरत नाही. त्यासाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे मानक आहे आणि त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाबावर तपासावे लागते. बहुतेक स्वस्त घड्याळांवर असा दाखला नसतो. शिवाय आतील रबरी रिंगा काळाने कडक होतात. पाठ उघडून सेल किंवा यंत्र बदलले आणि रिंग तीच जुनी ठेवली, तर पहिल्याच पावसात काचेखाली वाफ धरते.

कोणी विचारील, घाट चोरणे ही चोरी नाही काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात डिझाईन कायदा, २००० प्रमाणे नोंदलेल्या घाटाला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. त्यानंतर तो सर्वांचा होतो. नाव आणि चिन्ह मात्र दर दहा वर्षांनी नोंदणी वाढवून कायम राखता येते. म्हणून १९५४ च्या घाटावर घड्याळ बनविणे आणि काल बाजारात आलेला नवा घाट उचलणे यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या गोष्टीचे आम्ही समर्थन करीत नाही, मग तबकडीवर नाव कोणाचेही असो.

दुसऱ्याचे नाव छापण्याबाबत तर वादच नाही. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटा मार्का लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. बनवणारा दूर कोठे तरी राहतो आणि पोलिसांच्या हाती लागतो तो गाडीवर माल मांडणारा गरीब विक्रेता. हजार-दीड हजारांच्या घड्याळामागे मिळणाऱ्या दोनशे रुपयांसाठी आपल्या मुलांनी हा धोका का पत्करावा?

कारागिरांनाही एक गोष्ट सांगायची आहे. जुन्या एचएमटी, सेइको आणि फेव्हर-ल्यूबा घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, भडक करून ती परदेशी शौकिनांना ‘जुनी अस्सल’ म्हणून विकण्याचा धंदा मुंबईतून चालत आला. परिणाम असा झाला, की जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द टिंगलीचा झाला. ज्या हातांनी मोडलेले यंत्र पुन्हा चालते केले त्या हातांचे कौतुक व्हायला हवे होते. ‘तबकडी नवी रंगविली आहे, यंत्र जुने दुरुस्त केले आहे’ एवढे दोन शब्द सांगितले असते तर ते कौतुक झालेही असते.

म्हणून आमची सूचना अशी. दुकानदाराने डुप्लिकेट माल ठेवणे बंद करावे. होमेज घड्याळ विकावे, पण पावतीवर कंपनीचे नाव आणि आतील यंत्र लिहून द्यावे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने पाण्याचा दाब तपासण्याचे लहान यंत्र आणि रिंगांचा साठा ठेवावा. डायव्हर घड्याळे वाढली तर हे काम वाढणारच आहे. आणि ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी एक पाऊल पुढे टाकावे. यंत्र, पेटी, काटे, तबकडी आज सुटी विकत मिळतात. ती जुळवून, तपासून, स्वतःच्या नावाने घड्याळ विकणे अशक्य नाही.

एचएमटीने १९६१ साली बंगळुरात सिटिझनच्या मदतीनेच घड्याळे बनविण्यास आरंभ केला होता. २०१६ साली एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला, तरी त्या नावाची घड्याळे लोक आजही शोधत फिरतात. सेइकोने आपले पहिले डायव्हर घड्याळ १९६५ साली काढले, तेव्हा स्विस घड्याळे बारा वर्षे पुढे होती. आज त्या सेइकोच्याच घाटाची होमेज घड्याळे निघतात. दुसऱ्याचे पाहून शिकण्यात कमीपणा नाही, परंतु तबकडीवर स्वतःचे नाव लिहिण्याची हिंमत पहिल्या दिवसापासून हवी. आमच्या बाजारातील तरुणांनी ती दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.