मानेला झटका नको

तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटल्या आणि 2017 पासून माणसं माहुलच्या सात मजली इमारतींत आली. लिफ्ट बंद पडली की आयाबहिणी पाणी जिन्यानेच चढवतात. मान भरून येणारच. ओझं कमी झाल्याशिवाय कुठलाही उपचार पुरणार नाही, म्हणून लिफ्ट-दुरुस्तीचा अर्ज लावून धरा.

सलूनमध्ये मालिशनंतर कडकन मान मोडून घेणं थांबवा. 1895 साली अमेरिकेत सुरू झालेल्या कायरोप्रॅक्टिकने काहींना आराम पडतो, हे खरं. पण झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटते, लकवा मारतो. एवढी जोखीम कशाला? शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केसपेपर काढा, फिजिओथेरपीचे व्यायाम शिका. हातातली भांडी सुटू लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर मालिश नाही, त्याच दिवशी डॉक्टर.