१५ वर्षांची गाडी भंगारात काढायची का? आधी सुट्या भागांचा हिशेब करा

नाशिकजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. ठरावीक काळाने संच बंद ठेवायचा, उघडायचा, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा सुरू करायचा, या पद्धतीने त्यांनी चाळिशी ओलांडली. त्याआधीचे, १९७०च्या सुमाराचे दोन संच मात्र कायमचे बंद करण्यात आले. यंत्र जुने झाले की दुरुस्त करायचे की मोडीत काढायचे, याची दोन्ही उत्तरे या एकाच आवारात मिळतात.

हाच प्रश्न आता एकलहरे, सिन्नर फाटा, नाशिकरोड परिसरातील एमएच-१५ पासिंगच्या अनेक जुन्या गाड्यांपुढे आहे. २०१० च्या आसपास घेतलेल्या कारची १५ वर्षे भरली आहेत. गाडी चालते, पण नवी घेण्याइतके पैसे नाहीत आणि ‘आता ही भंगारातच जाणार’ असे शेजारीपाजारी सांगतात. ते खरे आहे का?

१५ वर्षांनी गाडी बाद होते का?

महाराष्ट्रात खासगी कार केवळ वय झाले म्हणून बाद होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी होते आणि ती योग्य ठरली तर नोंदणी पुढील ५ वर्षांसाठी वाढते. त्यासाठीचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा असतो. वयावरून गाडी बंद करण्याचा गाजलेला नियम दिल्ली आणि परिसरापुरता आहे. १५ वर्षांनंतर सक्तीने भंगारात जातात त्या सरकारी गाड्या. तो नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

खर्च मात्र वाढला आहे. कारच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

खरी अडचण कुठे येते?

सुट्या भागांत. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे भाग शोधायला फार फिरावे लागत नाही. गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या आणि ७९६ सीसीचे इंजिन ओम्नी, अल्टो या गाड्यांतही होते. मागणी टिकली, म्हणून भाग बनवणारेही टिकले.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. शेवरलेट गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि २०२० अखेर तळेगावचा कारखानाही बंद केला. कंपनी गेली की फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट असे झिजणारे भाग बाजारात मिळत राहतात, कारण ते बनवणारे वेगळे असतात. पण त्याच मॉडेलचा बंपर, काच, हेडलाइट किंवा इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर शोधाशोध सुरू होते. म्हणून जुनी गाडी ठेवायची की नाही हे ठरवताना वयाआधी एक प्रश्न विचारायला हवा : या मॉडेलचे भाग अजून मिळतात का?

ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट यांत फरक काय?

कार कंपनी सगळे भाग स्वतः बनवत नाही. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. महिंद्राच्या गाड्या इथे तयार होतात आणि डिझेल इंजिनाचे इंजेक्टर, नोझल बनवणारा बॉशचा, म्हणजे जुन्या ‘मायको’चा, कारखाना सातपूरला आहे.

• कंपनीचा भाग : कार कंपनीच्या खोक्यात येतो. सहसा सर्वांत महाग.
• भाग बनवणाऱ्याचा स्वतःचा ब्रँड : जो कारखाना कार कंपनीला माल देतो, तोच अनेकदा तो भाग स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात विकतो. बहुतेक वेळा स्वस्त पडतो.
• लोकल : दुसऱ्या उत्पादकाचा, त्याच्याच नावाने विकला जाणारा भाग. दर्जा चांगलाही असतो, सुमारही.
• डुप्लिकेट : दुसऱ्याच्या नावाची नक्कल. ही सरळ फसवणूक आहे. बिल मागितल्यावर दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर भाग घेऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे पक्के बिल टाळून वाचणारी रक्कमही आता कमी झाली आहे.

बचत कुठे चालेल, कुठे नाही?

• जुन्या बाजारातून चालेल : दरवाजा, आरसा, सीट, काच, डॅशबोर्डचे तुकडे.
• जुने कधीच नको : ब्रेक पॅड, ब्रेक होज, टायर, सीट बेल्ट, एअरबॅग, स्टिअरिंगचे जोड.
• रबर किलोमीटरने नाही, वर्षांनीही जाते : गाडी कमी चालली तरी होज, बुश आणि टायर कडक होतात. टायरवरील चार अंकांवरून तो कधी बनला ते कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.
• टायमिंग बेल्ट : तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर येतो.
• ब्रेक ऑइल : ते हवेतील ओलावा शोषते. साधारण दोन वर्षांनी बदलावे.

थांबायचे कधी?

‘८० हजारांच्या गाडीवर ३० हजार खर्च कशाला?’ असे अनेकदा ऐकू येते. पण हा हिशेब चुकीचा आहे. दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या विक्रीच्या किमतीशी नव्हे, तर नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी करायला हवी. ३० हजारांत पुढची दोन-तीन वर्षे निघत असतील तर तो खर्च महाग नाही.

मात्र चेसिस किंवा तळाचा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, सुरक्षेचे भाग मिळतच नसतील किंवा एकाच वर्षात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उघडावे लागत असतील, तर थांबणेच शहाणपणाचे. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल. कितीही निगा राखली तरी बीएस-३ इंजिनाचा धूर बीएस-६ इतका स्वच्छ होत नाही. रोज लांबचा प्रवास असणाऱ्याने हेही मोजावे.

सरकारने काय करायला हवे?

आजचे शुल्क फक्त वय पाहते. नीट राखलेली आणि हेळसांड झालेली गाडी तेवढेच पैसे भरते. शुल्क वाढवण्याइतके लक्ष तपासणीकडे आणि सुट्या भागांकडेही दिले गेले पाहिजे.

भागांचा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली न ठेवल्याचा ठपका त्यात होता. त्यावर अपिले झाली. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे पोर्टलही सुरू केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२ मध्येच स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देण्याचा कायदा केला.

आपल्याकडेही मॉडेल बंद झाल्यावर किंवा कंपनी देश सोडून गेल्यावर किती वर्षे भाग मिळतील, हे गाडी विकतानाच लेखी सांगण्याचे बंधन हवे. १५ वर्षांचा रस्ता कर ग्राहक पहिल्याच दिवशी भरतो. निदान तेवढी वर्षे भाग मिळण्याची हमी मागणे गैर नाही.

तोपर्यंत गाडीमालकाच्या हातात एक साधी गोष्ट आहे : प्रत्येक बदललेल्या भागाचे बिल, तारीख आणि किलोमीटर एका फाइलमध्ये ठेवणे. गाडी अजून किती वर्षे वापरायची, याचे उत्तर शेजाऱ्यांपेक्षा त्या फाइलमध्ये नेमके सापडेल.